बासष्ट पावलं

ता. ९, सोमवार

ताई,

नमस्कार. बाळ-बाळंतीण कशी आहेत? नात तुझ्यावर गेलीय म्हणे, म्हणजे आवाज दणदणीत असणार. इकडे सगळं ठीक. भावोजी डबा स्वतःच करतात, भाजीत मीठ घालायला विसरतात, एवढंच.

कारखान्यात सध्या सुधारणेचं वारं आहे. ज्या कामाने मालात भर पडत नाही ते वाया, असं साहेब रोज सांगतात. आम्ही सूचना लिहून पेटीत टाकायच्या. माझी पहिली आली. फलकावर फोटो लागलाय.

सूचना साधीच. सुट्या भागांचं कपाट गोदामातून हलवून थेट यंत्राशेजारी ठेवायचं. दर फेरीला बासष्ट पावलं वाचली.

ती पावलं कोण चालत होतं, हे तुला सांगायला नको. अठरा वर्षं भाग आणून द्यायचं काम भावोजींचंच. कुणालाही घरी बसवणार नाही, असं साहेबांनी आधीच जाहीर केलं होतं, आणि बसवलंही नाही. भावोजी तीन आठवडे प्रशिक्षणाच्या खोलीत बाकावर नुसते बसून आहेत. फोनवर त्यांनी तुला सांगितलं नसेल.

आणखी एक. सूचना माझी नव्हती. चहाच्या सुट्टीत गुडघे चोळत तेच म्हणाले होते, हे कपाट तिकडे नेलं तर किती बरं होईल. मी ते कागदावर उतरवलं आणि खाली माझं नाव घातलं. का, ते खरंच सांगता येत नाही. तेव्हा चोरी वाटलीच नाही.

आज राहवलं नाही, साहेबांना खरं सांगून टाकलं. ते रागवायचं सोडून खूश झाले. भावोजींना बोलावून म्हणाले, सुधारणेच्या गटात या, शेजारच्या विभागात कुणाची पावलं वाचवता येतील ते शोधा.

"माझी वाचली तेवढी पुरे," भावोजी म्हणाले, आणि परत बाकावर जाऊन बसले.

सुटल्यावर फाटकाशी मी माफी मागितली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुडघे आता दुखत नाहीत रे."

टोमणा होता की समजूत, मला कळलं नाही. मी त्यांना बुडवलं की सोडवलं? कपाट खरंच योग्य जागी आहे, ताई. तिथेच तर माझं डोकं चालेनासं होतं. आता साहेब विचारतात, फलकावर त्यांचा फोटो लावायचा का. काय सांगू?

मला शिव्या नंतर दे. आधी त्यांना फोन कर.

तुझा भाऊ
(त्यांचा कोण, ते तूच ठरव.)