कागद क्रमांक ३८८ची खरी नोंद

मी, हेलन हॅन्सेल तुस्कानो, वय एकोणसाठ, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, मूळ गाव गिरीज, तालुका वसई, सध्या राहणार हमद टाउन, बहारीन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणीही भरीस न घालता लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसं डॉक्टरांनी लिहूनही दिलं आहे. जीव मात्र ठिकाणावर नाही. सकाळपासून तीनदा उठून माझ्या वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचं कपाट उघडून पाहिलं.

१. गिरीजचं घर आणि बँकेतली शिल्लक माझे पती हॅन्सेल यांना, त्यांच्यामागे मुलगी मेलिसा हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हॅन्सेलनीच करावी. लग्नानंतर त्यांना एकदा तरी माझ्यासोबत नाताळला गावी जायचं होतं. ते राहिलं, कारण माझी प्रत्येक लीव्ह मी पावसाळ्यात घेतली आणि तुंगारच्या डोंगरावर घालवली. त्याबद्दल माफी असावी.

२. वनखात्याची परवानगी काढून त्या डोंगरावर गोळा केलेले, वाळवून कागदांवर शिवलेले सहाशे अकरा वनस्पतींचे नमुने आणि त्यांची हस्तलिखित सूची मेलिसाला. गावी कागदांना बुरशी लागते, म्हणून ते इथल्या एसीत आणून ठेवले. मुंबई विमानतळावरच्या साहेबांनी एकदा बॅग उघडून विचारलं होतं, "क्या मॅडम, बहारीन में घास नहीं मिलता?" "नहीं मिलता," मी खरं तेच सांगितलं.

मेलिसा, तू म्हणतेस, "ममा, जस्ट स्कॅन देम." स्कॅन कर, पण कागद टाकू नकोस. स्कॅनमध्ये मुळाची जाडी बोटाला लागत नाही.

३. नमुने दाबायचा लाकडी प्रेस हॅन्सेलनी इथल्याच सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये बनवला, तो त्यांना परत. त्याच्या डाव्या बोल्टचे आटे गेलेले आहेत, हे मी दोनदा सांगितलं होतं.

४. ज्या प्राध्यापकांनी माझी यादी "नर्सबाई, हा आपला प्रांत नव्हे" असं लिहून परत केली, त्यांना काही नाही. मी नर्स नाही. त्यांनी एक चूक दाखवली होती, ती खरी होती आणि मी सुधारली आहे.

५. हे कलम चारदा लिहून फाडलं.

तुंगारच्या पायथ्याच्या पाड्यावर बारकी वरठा राहते. डोंगर मला तिने दाखवला. सूचीतली चारशेच्या वर स्थानिक नावं तिच्या तोंडची आहेत. २०१३ च्या जुलैत एका ओल्या कड्याच्या फटीत तिने मला दगडकानी दाखवली. दगडाला चिकटलेलं कानासारखं एकच पान आणि वर बोटभर दांड्यावर जांभळी फुलं. माझ्या एकाही पुस्तकात ती नव्हती.

"बघ, पन उपटू नको बाय," बारकी म्हणाली. "एकच हाय."

ती पाणी आणायला खाली झऱ्यावर गेली तेवढ्यात मी चाकूने ती कंदासकट काढली. कंदाशिवाय नमुना पुरा होत नाही, असं मनाशी म्हटलं. बारकी परत आली, रिकामी फट पाहिली, काठी उचलली आणि डोंगर उतरली. त्यानंतर ती माझ्याबरोबर कधी आली नाही. तोच कागद क्रमांक ३८८. सूचीत मी "अत्यंत दुर्मीळ" एवढंच लिहिलं.

कोविडचं साल सोडून पुढे दरवर्षी त्या फटीपाशी जाऊन पाहिलं. काही उगवलं नाही. गेल्या वर्षी चढताना दम लागला, तेव्हा अर्ध्यातून परतून बारकीच्या घरी गेले. ती दारात तांदूळ पाखडत होती.

"माझं चुकलं, बारकी," मी म्हटलं. "शेवटची होती ती. मी संपवली."

तिने सूप खाली ठेवलं. "नाय संपली. दुसरीकडं हायत. पाच-सहा."

मला रडू आवरेना. "कुठे?"

"तुला नाय सांगनार."

लांबूनच बघेन म्हटलं, शपथ घेते म्हटलं. ती म्हणाली, "दरसाल आलीस नि त्या फटीकडं गेलीस. माझ्या दारात नाय आलीस."

मग तिने चहा दिला. ठिकाण सांगितलं नाही.

म्हणून माझी आज्ञा अशी. सूचीवर बारकीचं नाव पहिलं आणि माझं दुसरं घालावं. ३८८ च्या नोंदीत लिहावं: "बारकी वरठा हिने मनाई केली असताना हेलन तुस्कानो हिने मुळासकट काढली. अन्यत्र आहे. ठिकाण बारकीला ठाऊक." कोणी संशोधक कितीही गोड बोलला तरी त्याला तिच्या पाड्याची वाट दाखवू नये. ते ठिकाण माझ्या मालकीचं नाही, त्यामुळे मला ते कोणाला देता येत नाही. मेलिसा, तूही विचारू नकोस.

मंगळवारी वाचले तर नोव्हेंबरची लीव्ह मागितली आहे, बारकीकडे जायला. तेव्हा डोंगर वाळलेला असतो, शोधण्यासारखं काही उरत नाही.

हेलन हॅन्सेल तुस्कानो (सही)

वरील सही हेलनबाईंनी आम्हा दोघांच्या समोर, आम्ही दोघे हजर असताना केली:
१. हेमा शैलेंद्र केळुसकर, शेजारी, अकाउंटंट (सही)
२. शब्बीर मुकादम, लॅबमधील सहकारी (सही)

हमद टाउन, बहारीन
शुक्रवार, १८ जुलै २०२५