वीज बंद ठेवण्यास दिलेला होकार रद्द समजण्याबाबत

प्रति,
मा. श्री. सिहोतांग साहेब,
उपविभाग प्रमुख, वीजपुरवठा कार्यालय,
कालीवुनी, पूर्व जावा.

अर्जदार : कासिरान, वय ६८, निवृत्त टंकलेखक, राहणार सुम्बरजाती, वाडी क्र. ३.

विषय : बुधवार पोन (पोन हा जावी पाच दिवसांच्या आठवड्यातला वार), दि. ८ सप्टेंबर २००४ रोजी खांब बदलण्यासाठी होणारी वीजबंदी दि. ३० पर्यंत पुढे ढकलणेबाबत, व त्या वीजबंदीला मी दिलेला होकार मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) ग्रामकचेरीच्या फळ्यावरील आपली सूचना. २) आपले कर्मचारी श्री. हार्सोनो यांनी दि. १ रोजी माझ्या ओसरीवर घेतलेली माझी सही.

महोदय,

हा अर्ज हाताने लिहिला आहे, याची प्रथम क्षमा मागतो. एकतीस वर्षे तालुका कचेरीत टंकलेखन केलेल्या माणसाने अधिकाऱ्याकडे हस्तलिखित कागद पाठवावा, हे मलाच शोभत नाही. परंतु माझ्या घरचे यंत्र गेले चोवीस दिवस एकाच कामात अडकले आहे, आणि ते काम म्हणजेच या अर्जाचे कारण आहे.

१. कचेरीने मोडीत काढलेला एक जुना संगणक माझ्याकडे आहे. त्यातला लिहिण्याचा प्रोग्रॅम पंधरा वर्षांपूर्वीचा असून नव्या पोरांना तो पाहून हसू येते. त्या प्रोग्रॅमात सध्या १८६ पानांची एक फाइल उघडी आहे. ती सेव्ह होत नाही. वीज पापणी लवण्याइतका वेळ जरी गेली तरी ती सर्व पाने जातील. दुसरी प्रत कुठेही नाही. गेल्या चोवीस दिवसांत आपल्या कार्यालयाने एकदाही वीज घालवली नाही, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. तीनदा दाब उतरला, पडद्यावरची अक्षरे थरथरली, पण टिकली.

२. फाइलमध्ये काय आहे, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. आमच्या गावचे दालांग गोन्दो, ज्यांना सारे मानाने पाक गोन्दो म्हणतात आणि जे चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करीत, त्यांनी स्वतः रचलेला एक खेळ त्यात आहे. तो कुठल्या पोथीत नाही आणि त्यांनी कुणा शिष्यालाही दिलेला नाही. मागील नोव्हेंबरपासून जूनपर्यंत ते आठवड्यातून एक-दोनदा दुपारची नमाज आटोपून माझ्याकडे येत व सांगत, आणि मी टाइप करी. पहिल्या दिवशी त्यांनी हुकूम सोडला होता, "मी जे बोलीन ते लिही." टंकलेखकाला असे सांगू नये. मी सर्वच लिहिले. त्यामुळे पान ४० वर, राजाचा दरबार भरलेला असताना मध्येच पुढील मजकूर आहे : "कासिरान, ही कॉफी आहे का बाहुल्या धुतलेलं पाणी? हे लिहू नकोस. अरे, लिहितोयस काय? थांब म्हणतो ना. गाढवा. आता 'गाढवा' पण लिहिलंस?" त्यानंतर दरबार पुढे सुरू होतो.

३. जूनअखेर पाक गोन्दोंना अर्धांगवायूचा झटका आला. हात थोडा परत आला, वाचा आली नाही. दि. २ ऑगस्ट रोजी त्यांचा मुलगा वाह्युदी त्यांना समुद्रापलीकडे बालिकपापानला आपल्या घरी घेऊन गेला. निघताना तो मला म्हणाला, "काका, बापांना नेतोय. तुमची काही हरकत नाही ना?" मी म्हणालो, "इंग्गिह, इंग्गिह. अवश्य ने." साहेब, आपण सुमात्रातल्या मेदानकडचे आहात. तिकडे हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही असते, असे मी ऐकून आहे आणि मला त्याचा हेवा वाटतो. इकडे तोंडावर नाही म्हणणे म्हणजे समोरच्याच्या पानात माती टाकणे. इकडचा माणूस 'इंग्गिह' म्हणतो आणि खरे उत्तर ऐकणाऱ्याने चेहऱ्यावरून ओळखायचे असते. वाह्युदी पंधरा वर्षे बाहेर राहिला. त्याने माझे शब्द ऐकले आणि सामान गाडीत ठेवले.

४. दि. ११ ऑगस्ट रोजी मी फाइलमधील काही चुका दुरुस्त केल्या व सेव्हची कळ दाबली. यंत्राने कळवले की डिस्क भरली आहे. पुढे त्याने विचारले, जागा करण्यासाठी जुनी प्रत पुसू का, हो किंवा नाही. मी 'हो'ची कळ दाबली. विचार करून दाबली नाही. कोणी इतक्या सरळ विचारले तर माझा हात दुसरीकडे जातच नाही. यंत्राने जुनी प्रत तत्काळ पुसली. नवी लिहायला गेले तेव्हा डिस्कचा तेवढाच भाग खराब निघाला. अडुसष्ट वर्षांत माझा होकार इतक्या तातडीने कोणी खरा मानला नव्हता.

५. मी हात जोडून बसलो असे आपण समजू नये. केलेल्या उपायांचा तपशील असा :

फ्लॉपीवर सेव्ह करून पाहिले. माझ्याजवळच्या तीनही डब्यांतील फ्लॉप्यांना बुरशी आली आहे. केदिरीहून दोन नव्या मागवल्या, तर खाचेत घातल्यावर यंत्र म्हणते की फ्लॉपी आत नाहीच. मी ती काढून, पुसून, देवाचे नाव घेऊन पुन्हा घातली. तेच उत्तर.

छापून पाहिले. परंतु हा प्रोग्रॅम छापण्याआधी डिस्कवर एक तात्पुरती नक्कल करतो, आणि डिस्क तर ही अशी.

शेजारच्या तुमिरा वहिनींचे म्हणणे पडले की फाइलचे नाव तिला जड झाले असेल. आमच्याकडे वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाचे नाव बदलतात, त्यातलाच हा प्रकार. प्रोग्रॅमला आठच अक्षरांचे नाव चालते, म्हणजे नाव लांबलचक नव्हते, पण ते मी पाक गोन्दोंचेच दिले होते आणि दालांगाचे नाव जड असू शकते. वहिनींनी तांबडी आणि पांढरी खीर केली, आम्ही दोघांनी ती यंत्रासमोर ठेवली व फाइलला 'स्लामेत', म्हणजे सुखरूप, असे साधे नाव देऊन कळ दाबली. सेव्ह झाली नाही. खीर चांगली झाली होती.

शहरात संगणकदुरुस्तीचे दुकान असलेल्या एन्दाह बाई स्वतः येऊन गेल्या. त्यांनी तासभर पाहिले आणि म्हणाल्या, "पाक, मला याला हात लावायचीच भीती वाटते. चालू आहे तोवर आहे." मशिदीचा जनरेटर लावता येईल का, हेही मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या की एक तार काढल्याशिवाय दुसरी जोडता येत नाही, आणि तेवढ्या क्षणात सगळे जाते. बॅटरीच्या डब्याचेही तेच. घरातला एकुलता पंखा आता यंत्राकडे तोंड करून चालू असतो. इस्त्री, शीतकपाट आणि दिवा मी बंद ठेवतो.

६. राहिला एकच मार्ग. मी पडद्यावरून पाहून हाताने नक्कल करीत आहे. रोज चार पाने होतात. आजपर्यंत ९६ झाली, ९० शिल्लक आहेत. दर रविवारी मी त्या आठवड्याची पाने घेऊन चौकातल्या टेलिफोनच्या दुकानात जातो. वाह्युदी तिकडे बापाच्या कानाला रिसीव्हर लावतो आणि मी वाचतो. पाक गोन्दोंना आता स्वतःचा खेळ आठवत नाही, असे वाह्युदी सांगतो. राजाचे पुढे काय झाले याची ते वाट पाहतात. रविवारी सकाळपासून दाराकडे तोंड करून बसतात. पलीकडून मला फक्त श्वास ऐकू येतो. पान ४० वाचले त्या रविवारी मात्र घशातून काहीतरी आवाज आला. वाह्युदी लगेच फोनवर येऊन म्हणाला, "काका, बापा हसले. खरंच हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा. थांबू नका, वाचा." त्या दुकानाच्या काचेच्या खोलीत मी रडलो आणि वाचले. बुधवारी वीज गेली तर खेळ पान १२० च्या आसपास तुटेल. त्यानंतरच्या रविवारी त्या माणसाला मी काय सांगावे, हे मला कळत नाही.

७. अर्जात खोटे लिहू नये, म्हणून पुढील गोष्ट नमूद करतो. ती माझ्या विरुद्ध जाते. मी रोज सात-आठ पाने करू शकलो असतो. माझे डोळे अधू असले तरी हात अजून कचेरीतलाच आहे. पण मी दुपारच्या नमाजेनंतर बसतो आणि चार पाने झाली की थांबतो. चार पाने म्हणजे बरोबर त्यांच्या येण्या-जाण्याचा वेळ. पानात ते खोकतात, पाणी मागतात, माझ्या टाइपरायटरी वळणाची थट्टा करतात, "जातो रे" म्हणतात. मग मी यंत्रावर फडके टाकतो. आठ पाने केली असती तर ते दिवसातून दोनदा येऊन दुप्पट लवकर गेले असते. ही माझी चूक आहे. बायको जाऊन नऊ वर्षे झाली, मुलेबाळे नाहीत, आणि माझ्या ओसरीवर कामाशिवाय दुसरे कोणी येत नाही. एकटेपणासाठी सरकारी अर्जात रकाना नसतो, हे मला ठाऊक आहे. असे नमुने मीच हजारोंनी टाइप केले आहेत. दि. ५ पासून मात्र, आपले उत्तर येईपर्यंत, मी पहाटेपासून बसणार आहे. तरीही बुधवारपर्यंत ९० पाने होणे नाही.

८. आता संदर्भ क्र. २ विषयी. श्री. हार्सोनो अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत. ते बुधवारी आले, चप्पल पायरीखाली काढली, माझ्या तब्येतीची चौकशी केली. पाऊण तासाने त्यांनी कागद पुढे केला. म्हणाले, "पाक, पुढच्या बुधवारी सकाळी आठ ते चार लाइन बंद. तुमच्या दारातलाच खांब आहे. चालेल ना?" त्या वेळी यंत्र त्यांच्या पाठीमागे, फडक्याखाली, घरघरत होते. मी म्हणालो, "इंग्गिह, चालेल की." मी सहीही केली आणि त्यांना वाटेसाठी उकडलेली केळी बांधून दिली. ते गेल्यावर मी पायरीवर बसलो ते संध्याकाळपर्यंत उठलो नाही. यात श्री. हार्सोनो यांचा काहीही दोष नाही. त्यांनी माझा चेहरा पाहिला असता तर कदाचित कळले असते, परंतु मी तेव्हा चहा ओतत होतो.

९. सबब, नम्र विनंती की :
(अ) खांब बदलण्याचे काम दि. ३० सप्टेंबरनंतर घ्यावे. खांब वाकला आहे हे मला मान्य आहे. तो सहा वर्षांपासून वाकलेला आहे आणि अजून तीन आठवडे वाकून उभा राहील.
(आ) संपूर्ण काम पुढे ढकलणे शक्य नसेल, तर माझ्या दारातला खांब सर्वांत शेवटी घ्यावा व तोवर माझ्या घराची लाइन चालू ठेवावी.
(इ) दि. १ रोजीच्या कागदावर माझ्या नावापुढे जो होकार नोंदला आहे, तो रद्द करावा. तेथे 'नाही' असे लिहावे. हा शब्द मी कोणा अधिकाऱ्याला प्रथमच लिहीत आहे. तीन कागद फाडल्यावर चौथ्यावर तो उमटला आहे, तेव्हा अक्षर वाकडे असले तरी अर्थ सरळ घ्यावा.

शेवटी एकच. या अर्जाची खातरजमा करण्यासाठी आपण श्री. हार्सोनो यांना माझ्याकडे पाठवाल, कारण कार्यालयाची रीतच तशी असते. कृपया पाठवू नये. ते समोर बसतील, "पाक, नक्की हरकत आहे का?" असे अदबीने विचारतील, आणि मी म्हणेन की नाही हो, काहीच हरकत नाही. निर्णय या कागदावरूनच घ्यावा. मात्र महिनाअखेरीस ही पाने संपल्यावर, एखाद्या दुपारी त्यांना सवड असेल, तर त्यांनी काही न विचारता नुसते येऊन बसावे.

आपला नम्र, आणि या एका बाबतीत नकार कळवणारा,

(सही) कासिरान
सुम्बरजाती, शनिवार वागे, दि. ४ सप्टेंबर २००४

सोबत : वीजग्राहक कार्डाची नक्कल, एक प्रत.