‘गृहीत धरणे’ : वाक्यात उपयोग

शब्दप्रभू मेहुणेसाहेबांना, त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठातली दोन अंगं वजा धरावीत.) तुमची प्रकृती उत्तम असणारच, दुसऱ्याची झोप उडवणाऱ्यांची असतेच. आजवर तुम्हाला अरे-तुरे केलं, माफी असावी. आता तुम्ही मुलांची शब्दसंपदा वाढवणारे गुरुजी, अहो-जाहो करायलाच हवं.

सातवीच्या पोरांना पुस्तकातले जड शब्द कळत नाहीत, म्हणून वर्गाच्या भिंतीवर रोज एक शब्द चिकटवायचा आणि पोरांनी तो घरी वापरून यायचं, ही तुमचीच ना कल्पना? वा! भिंत तुमची, भोगतोय मी. आमच्या ठकीनं पहिल्याच आठवड्यात घर उजळून टाकलं. आता आमच्याकडे भांडण होत नाही, ‘मतभेद’ होतात. भाजी करपत नाही, ‘अपेक्षित परिणाम साधला जात नाही’. मी घोरतो तेही ‘सातत्याने’. इथवर मी कौतुकानं हसत होतो, मूर्खासारखा.

मग ती शाळा सुटल्यावर दुकानात बसू लागली. शिंप्याच्या धंद्यात एक सभ्यता असते. गिऱ्हाईक घट्ट झालेली पँट घेऊन आलं की ‘कापड आटलं हो’ म्हणायचं, पोटाकडे बघायचं नाही, आणि मुकाट शिवण उसवून द्यायची. पतपेढीचे कॅशियर आले (माणूस ऐसपैस, सगळ्याच अर्थांनी), मी नेहमीचं वाक्य टाकलं, आणि काउंटरमागून आवाज आला, “बाबा, हा निष्कर्ष पुराव्याशी विसंगत आहे. यांचा शर्टही आटलाय का?” कॅशियर गेले ते गेलेच. हल्ली त्यांचं कापड समोरच्या दुकानात आटतं.

तेही सोसलं असतं. पण तुमची ती पालकसभा! प्रत्येक मुलानं भिंतीवरचा एक शब्द घेऊन घरातलं वाक्य सांगायचं. ठकीच्या वाट्याला आलं ‘गृहीत धरणे’. ती खणखणीत म्हणाली, “बाबा आईला गृहीत धरतात.” आणि तुम्ही, माझे सख्खे मेहुणे, ‘अचूक उदाहरण’ म्हणून ते फळ्यावर लिहिलंत! शिवाय खाली रेघ मारलीत! पालकांनी टाळ्या वाजवल्या. (बायकांनी जास्त.) तुमच्या बहिणीनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, मान हलवली, पर्स उचलली आणि थेट तुमच्या घरी चालती झाली. आपल्याला नेमकं काय खुपतंय ते इतकी वर्षं तिला सांगता येत नव्हतं. शब्द तुम्ही पुरवलात. आभारी आहे.

इकडे सगळं झकास. दुकानात मशीन माझं आणि हातकाम तुमच्या बहिणीचं. काजं, बटणं, तुरपाई हे आपोआपच होतं असा माझा समज होता. काल एका वकिलाच्या शर्टाला बटणं सहा आणि काजं पाच निघाली. ठकी माझ्याजवळ राहिली आहे, ‘निरीक्षणासाठी’ म्हणे. मी चहा केला की एक घोट घेते आणि कप खाली ठेवते. संध्याकाळी मशीन थांबलं की घर खायला उठतं रे. (हे वाक्य वगळून वाचावं.)

बाकी सर्व क्षेम.

तुमच्या फळ्यावर चढलेला,
दाजी

ता. क. : तुमची पँट शिवून झाली. जुन्याच मापानं बेतणार होतो, ठकीनं अडवलं. कंबर दोन बोटं सैल ठेवली आहे. कापड आटलेलं नाही.

आणखी ता. क. : बाबा रे, पँट हे आपलं निमित्त. रविवारी तुझ्या बहिणीला न्यायला येतोय. तिला सांग, ती येईलच असं मी गृहीत धरलेलं नाही. हे वाक्य ठकीला तपासायला दिलं, तर म्हणाली, “व्याकरण बरोबर आहे, बाबा. आता पुरावा.” म्हणून वकिलाचा शर्टही आणतोय. सहावं काज माझ्या हातचं आहे. वाकडं झालंय, पण ते तिला तू आधी सांगू नकोस.