आईचा गंधार

सांगली
१२ फेब्रुवारी १९७७

प्रिय शालू,

तुझ्या विजयमालेचं लग्न वैशाखात ठरल्याचं गावाकडच्या आप्पासोंकडून कळलं. तू कळवलं नाहीस, त्याची तक्रार नाही. तुझ्या हळदीला मी जे केलं ते आपण दोघंही विसरलेलो नाही. नुकताच पेटी शिकलो होतो. आई हळदीचं गाणं म्हणू लागली, तिचा गंधार माझ्या पेटीवर सापडेना, आणि भरल्या मांडवात मी म्हणालो, "आई, बेसूर गाऊ नकोस." त्या दिवसापासून ती चारचौघांत गायली नाही.

दोन वर्षांपूर्वी ती आमच्या धाकट्याला थोपटत गुणगुणत होती. माझ्या मांडीवर दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकाची पेटी उघडी होती. कोमल गंधार दाबला, ती त्याच्या वर. शुद्ध दाबला, ती त्याच्या खाली. पुढचे चार दिवस लक्ष ठेवून ऐकलं, रोज नेमकी त्याच जागी. चुकणारा माणूस रोज एकाच जागी कसा चुकेल?

कॉलेजात गणित शिकवणारे वर्धमान सर माझ्याकडे पेटी सुरात लावून घेतात. त्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, "तुमच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग आहेत. त्रेपन्न करून बघा." मग पितळी रीड घासत बसलो. दुकानातली माणसं हसली. वर्ष गेलं, पण त्रेपन्न सुरांची एक पेटी झाली, आणि आईचा गंधार तिच्यात सापडला. आता तो लिहायचा कसा? कोमल गंधाराला अक्षराखाली आडवी रेघ देतात. मी त्याच अक्षराच्या शेजारी दोन टिंबं दिली. एक टिंब म्हणजे त्रेपन्नातला एक भाग वर.

आईला वही दाखवली. म्हणाली, "माझं बेसूर कशाला लिवतोयस?" मी म्हणालो, "बेसूर तू नव्हतीस. माझी पेटी तोकडी होती." ती भाकरी टाकायला उठली. दुसऱ्या दिवशी आपणहून पेटीशेजारी येऊन बसली आणि हळदीचं गाणं म्हणू लागली. आता बारा गाणी टिंबांसकट लिहून झालीत.

नातीच्या हळदीला गाशील का, असं परवा विचारलं. म्हणाली, "शाली म्हणली तर गाईन." म्हणून हे पत्र. तू तिला स्वतः विचार, माझ्याकडून निरोप नको. मला बोलावलंस तर ती गाण्याआधी मांडवात उभा राहून माझी चूक सगळ्यांसमोर सांगेन. नाही बोलावलंस, तर तेच चार शब्द लिहून आईबरोबर पाठवतो. ते मात्र तू मोठ्यानं वाच.

तुझाच दादा,
कृष्णात