तेल खुणेपर्यंतच

बारक्या,

मी दवाखान्यात चाललेय. डॉक्टर म्हणाले, बाबांना घरी घेऊन जा. बरे झालेत म्हणून नव्हे, हे तुला कळेलच. त्यांना रुग्णवाहिका नको, स्वतःची जुनी गाडीच हवी आहे. चारपर्यंत ती घेऊन ये.

निघण्याआधी एअर क्लीनर साफ कर. कार्बोरेटरवरचा काळा डबा, त्याचा नट हाताने सुटतो. आत येणारी हवा तळाच्या तेलावर आपटून वर वळते. धूळ तेलात बसते, उरलेली जाळीत अडकते. गाळ खरवडून काढ, जाळी रॉकेलने धुऊन निथळू दे आणि नवं तेल खुणेपर्यंतच ओत. मागे तू हौसेने काठोकाठ भरलंस, तर इंजिनाने ते पिऊन एवढा धूर काढला की शेजाऱ्यांनी बंब बोलावला. आज तसला धूर बाबांच्या छातीला सोसणार नाही.

तेव्हापासून त्यांनी तुला बॉनेटला हात लावू दिला नाही, ठाऊक आहे मला. म्हणून काल मी म्हटलं, मेकॅनिकला बोलावते. तर ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून म्हणाले, "बारक्यालाच करू दे. यापुढे त्यालाच करायचंय."

ताई