दैवी अधिकाराची चाल

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि. तुझ्या घोडदळाने माझं बंदर घेतल्याचं वाचलं. पत्रातून सत्तावीस वर्षं चाललेल्या खेळात सख्ख्या भावाला इतकं कोपऱ्यात घ्यावं, हे जरा जास्तच झालं. तेव्हा माझी चाल ऐक. लेखनकला आणि कायदा माझ्याकडे आहेतच, म्हणून खेळाच्या तक्त्यातली पुढची प्रगती घेतो: राजाचा दैवी अधिकार. आता माझी प्रजा बंड करणार नाही आणि मला सभाही बोलवावी लागणार नाही. बाबांना म्हणावं, तराजूदुरुस्तीच्या कारखान्यातल्या खेळाच्या नकाशावर माझ्या राजधानीला लाल टाचणी लावा. खेळाचे पंच म्हणून त्यांनी कुरकुर करू नये.

जाता जाता एक. बाबांचा हात थरथरतो, त्यांनी आता आराम करावा. कारखान्याची खोली माझ्या नावावर आहे, ती पंधरा दिवसांत सोडतो असं मालकांना कळवून टाकलं. तराजू तू घरी दुरुस्त कर. पायपीट वाचेल.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा दादा

ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. खोली काल रिकामी केली. मालकांकडे गेले होते. ते म्हणाले, तुमच्या भावाची सही आहे, मी शिंप्याला शब्द देऊन बसलो.

औषधवाल्यांचे तराजू केसभरही चुकून चालत नाहीत. खोलीत जमिनीत रोवलेला दगडी ओटा होता. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर. शेजारीण जिना चढली तरी काटा नाचतो. तीन तराजू तसेच परत पाठवले. हे तुला मी सांगायचं? त्याच ओट्यावर बसून तू खेळाचा तक्ता आखलास.

बाबा रोज दहाला सदरा घालून निघतात, गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात आणि परत येतात. विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे केले. नकाशा गुंडाळून पलंगाखाली ठेवलाय. तुझी लाल टाचणी त्यांनी लावली होती; नकाशा उतरवताना ती खिशात टाकली.

काल तुझी वर्षभराची पत्रं काढून वाचली. एकाही पत्रात प्रश्न नाही. चाल सांगतोस आणि सही करतोस. या खेपेला माझी चाल नाही.

तुझी धाकटी

ता. २५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. पत्र कचेरीत उघडलं. वाचून झाल्यावर आराखड्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं, जणू कुणी डोकावणार होतं. भिंत हलवण्याआधी घरात राहणाऱ्यांना विचारा, असं नव्या आरेखकांना मीच रोज बजावतो.

मालकांना फोन केला. शिंप्याची यंत्रं लागलीसुद्धा.

ओटा मला आठवला नव्हता, असं लिहायला घेतलं होतं. ते खोटं आहे. आठवला होता. तुला विचारलं तर तू नाही म्हणशील, म्हणून आधी मालकांना लिहिलं आणि मग तुला, तेही चालीच्या खाली, हळूच. खोलीचं भाडं मला जड झालं होतं, आणि मी बाबांच्या थरथरत्या हाताआड लपलो. हे तुला लिहितानाही मान वर होत नाही.

दैवी अधिकार मागे घेतो. बाबा माझ्याशी बोलतील का? आपल्या गल्लीतल्या औषधवाल्यांची तळमजल्यावरची मागची खोली रिकामी असते ना? ती तुला चालेल का? त्यांच्याशी अजून काही बोललेलो नाही. मी येऊ का?

लोभ उरला असेल तेवढा ठेव.
दादा

ता. २ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. औषधवाल्यांशी मीच बोलले. खोली मिळाली. ओटा नव्याने बांधावा लागेल.

पंचांनी निकाल दिलाय: घेतलेली प्रगती परत करता येत नाही. तेव्हा लाल टाचणी राजधानीवरच राहील आणि नकाशाकडे पाहिलं की आपल्या तिघांनाही दिसेल. एवढं बोलून बाबांनी ती खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली, आणि तू या वेळी तरी दाढी करून येशील का, असं विचारलं.

रविवारी ये. नकाशा लावायचाय. स्टुलावर मी चढेन, तू स्टूल धर.

तुझी धाकटी