कारळ्याच्या चटणीची बरणी

लातूर, गुरुवार, दिवेलागणीची वेळ

रिक्षा बोलावलीय. ती येईस्तोवर लिहिते, नुसतं बसवत नाही.

आज नळाला पाणी आलं नाही, म्हणून तर दिसलं. हे संडासातून पाणी न टाकताच बाहेर आले होते. डांबरासारखं काळं, चिकट. विचारलं तर माझ्यावरच खेकसले, "काय झालं न्हाई मला. कारळ्याची चटणी लई खाल्ली, म्हणून काळं."

देगलूरचे मोठे भाऊजी हार्ट अटॅकनं गेले, तेव्हापासून हे रक्त पातळ करायची गोळी घेतात. डॉक्टरांना न विचारता, मेडिकलवरून आणून, सकाळी नुसत्या चहाबरोबर. वर गुडघेदुखीची गोळी वेगळीच. काही बोललं की म्हणतात, "एवढीशी तर गोळी हाय."

भाऊजींची मुलगी नांदेडला नर्स आहे, तिला फोन लावला. ती म्हणाली, "काकू, त्या गोळ्यांनी पोटात रक्त जातं, ते असंच काळं दिसतं. उद्यावर ढकलू नका, आताच दवाखान्यात न्या."

तरी माझं मन चटणीलाच धरून. चटणीनंही होत असेल की असं? रविवारीच तर कुटली होती. फळीवरची बरणी काढली, झाकण उघडलं.

गळ्यापर्यंत भरलेली. मी दाबून सारखी केली होती तशीच. चमचासुद्धा लागलेला नाही.

मग खोटं का बोलले? मला भ्या वाटू नये म्हणून, का स्वतःलाच?

आत हे शर्टाची बटणं लावतायत. कुठं जायचंय, एकदाही विचारलं नाही.